शाबूत काच

३ तारीख
आलो एकदाचा! नोकरी मिळाली, खोली मिळाली आणि घरमालकीण तर फर्मास मिळाली. शिवणकाम करते. पहिल्याच दिवशी तिने माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून दिलं आणि आपल्याला मावशीच म्हणायचं, असं बजावलं. घरात ती आणि तिची सून. सुनेला आठवा महिना आहे. मुलगा कामासाठी दूर असतो.

वस्तीखाली कोळशाची जुनी खाण आहे. वरची जमीन खचते आहे का, हे बघायचं माझं काम. भिंतीच्या तड्यावर सिमेंटने काचेची पट्टी आडवी बसवायची आणि तिच्यावर काच कापायच्या हिरकणीने तारीख कोरायची. तडा केसभर हलला तरी काच फुटते. फुटली की त्याच दिवशी साहेबांना कळवायचं, ते घर रिकामं करून घेतात. चाळीस पट्ट्या, रोज एक फेरी. डोक्याला ताप नाही.

११ तारीख
चार दिवस फेरीला गेलोच नाही. उन्हाचा कंटाळा, दुसरं काय! खोलीत बसून वहीत ‘शाबूत, शाबूत’ लिहीत राहिलो. आज बघतो तर मावशीच्या मागच्या खोलीतल्या तड्यावरची काच फुटलेली. कधी फुटली, कोण जाणे. कळवलं तर माझी कामचोरी उघडी पडणार. म्हणून नवी पट्टी बसवली आणि तिच्यावर जुनीच तारीख कोरली. मावशीने दारातून विचारलं, सगळं ठीक ना. मी म्हणालो, अगदी ठणठणीत. जीभ कशी झडली नाही माझी!

१२ तारीख
पुन्हा फुटली. पुन्हा बदलली. तड्यातून कोमट वारा येतो. मावशीने चहा दिला, पण तिच्याकडे मान वर करून बघवेना.

१४ तारीख
मावशीने सुनेची खाट मागच्या खोलीत हलवली. म्हणाली, तू रोज तपासतोस, तीच खोली सगळ्यात भरवशाची. शरमेने मेल्यासारखं झालं. संध्याकाळी काच परत फुटली. आता बदलणार नाही. सकाळी तशीच साहेबांना दाखवीन, मग व्हायची ती शोभा होऊ दे.

१५ तारीख
तड्यावर अख्खी पट्टी. मी बसवलेली नाही! जुनीच तारीख, अक्षर माझंच — पण कोरलेलं भिंतीकडच्या बाजूने. सिमेंट अजून ओलं.

१६ तारीख
साहेबांपुढे सगळं कबूल केलं. ते आले, बघून गेले. काच शाबूत. म्हणाले, उन्हाने डोकं फिरलंय तुझं. मावशी चिडली — पोटुशीला भेवडावू नकोस म्हणाली —

१७ तारीख
फरशी थरथरते आहे. मावशीचे पाय धरले. ती काचेकडे बोट दाखवते. फुटली तरच निघायचं, हे तूच सांगितलंस ना, म्हणते. तिच्यादेखत हातोडा घालून फोडली, तर मलाच हाताला धरून बाहेर काढलं. आता ती साहेबांना बोलवायला गेली आहे —

खाटेपाशी परत आलोय. सून उठत नाही. उचलायला गेलो तर किंचाळते. निदान मी तरी इथून हलणार नाही —

तड्यातून बोटं — सिमेंटने माखलेली — नवी पट्टी बसवतायत — हलक्या हाताने पुसतायत —

सुनेची पाठ आहे तिकडे. विचारते आहे, दादा, काच शाबूत आहे ना. आणि मी तिला