बावखलातलं पार्किंग

३ मे, रविवार
मिस्सा झाली नि धावत घरी. मुंबईचे पाहुणे आले, गाड्याच गाड्या. नात जॉयसीने मोबाइलवर टाकलंय ना, भुईगावला या, वाडीत फिरा, बावखलावरचे पक्षी बघा, आजीच्या हातचं जेवा. आजी म्हणजे मी! कोळंबी-दुधी, तांदळाची भाकरी, बोटं चाटून जेवले. एका बाईने सुकेळी, आमची उन्हात वाळवलेली केळी, गुपचूप पर्समध्ये घातली. मी बघितलं. बरं वाटलं उलट.
एक पोरगी विचारते, "आजी, हा तुमचा स्विमिंग पूल?" म्हटलं, बाय, हे बावखल, वाडीतलं तळं. सासऱ्यांच्या बापाने खणलंय, केळींना पाणी द्यायला. तेवढ्यात खंड्याने सूर मारला. पोरगी टाळ्याच पिटायला लागली.
पाय दुखतात ते विसरलेच आज.

५ मे
शेजारची काशी सकाळीच दारात. पाहुण्यांच्या गाडीने तिचं कुंपण मोडलं. "मार्था, गल्ली एवढीशी, गाडी एवढी! पुढच्या वेळी काय माझ्या चुलीवर लावणार?" बरोबर बोलते ती.  विल्सनने ऐकलं. माझा मुलगा, कधी नव्हे ते लक्ष देऊन ऐकलं. काय शिजतंय डोक्यात, देव जाणे.

८ मे, शुक्रवार
राजोडीला बहिणीकडे राहून आज आले. (तिचे गुडघे तसेच. मेथी वाळली तिची.) वाडीत शिरते तर बावखलाच्या कोपऱ्यात राबिट! फुटक्या फरश्या, विटा, कोणाच्या तरी संडासाचं भांडं. उन्हाळ्याने पाणी खाली गेलंय, तो मोका साधला.
"काय केलंस हे?"
"पार्किंग, आय. काशीमावशी ओरडत होती ना."
"पाहुणे काय बघायला येतात रे?"
"बावखल."
"मग?"
"अर्धं राहतंय की!"
अर्धं राहतंय म्हणे. अर्धं डोकं राहिलंय तुझं. पलीकडच्या आळीत असंच बुजवलं, घर बांधलं. आता विहिरीचं पाणी खारं, चहा केला तर दूध फाटतं. टँकरची वाट बघत बसतात, केळी कधीच गेल्या. आपल्या विहिरीचं पाणी अजून गोडं आहे ते काय नळवाल्याच्या मेहेरबानीने?
जॉ.ला विचारलं, तुला माहीत होतं? खाली बघत म्हणाली, "आजी, बुकिंग घेतलंय... गाड्या कुठे लावणार?" तिचाही राग आला. जेवले नाही. नंतर थोडी पेज घेतली.

१० मे, रविवार
आज पाहुणे जेवून उठले, तशी त्यांना हाताला धरून काठावर नेलं. म्हटलं, बघा, ही तुमच्या गाड्यांची सोय. पुढच्या वर्षी याल तेव्हा इथे गाड्याच बघायच्या, पक्षी नाय.
सगळे शरमले. एक टकलू मात्र विचारतो, "हो, पण आजी, मग गाडी लावायची कुठे?" अस्सं वाटलं त्याला त्याच भांड्यावर बसवावं! त्याची बायकोच म्हणाली, "तू चालत ये." ती मला आवडली. सुकेळी दिली बांधून.
वि. तापला. "आय, लोकांसमोर माझी इज्जत काढलीस." मी म्हटलं, इज्जत नाय काढली, राबिट दाखवलं. तेव्हापासून बोलत नाही. नको बोलू.

१२ मे
फादरना भेटले. चर्चच्या मैदानात गाड्या लावू देणार, मिस्सा सुटल्यावर. तिथून काशीच्या मुलाची रिक्षा, नाहीतर चालत. जॉ. म्हणते, चालताना मोगऱ्याच्या वाड्या दाखवू. आता सुचतंय!
विल्सनला सांगायला गेले तर म्हणे, "डंपरवाल्याशी बोलून ठेवलंय मी." मैदानाचं त्याने ऐकूनच घेतलं नाही...

१४ मे
गाळ काढायचा आज. दर वर्षी पावसाआधी आळीतली माणसं घमेली घेऊन उतरतात, गाळ केळीच्या बुंध्याला, जेवण ज्याचं बावखल त्याच्या घरी. या वर्षी राबिट बघून कोण येणार वाटलं. काशी आली! मोडक्या कुंपणावरून शिव्या देत देत आली, पण आली. गाळ काढला, पण राबिट आमच्याने काय हलतंय. फरशी लागून जॉ.चा हात कापला. हळद दाबली. विल्सन ओट्यावरून बघत होता. लेकीचं रक्त बघून उठला, दोन पावलं आला, मग फोन वाजला. तो बोलत बोलत घरात.
घमेलं तिथेच आपटलं मी.

१५ मे
सकाळी पेज वाढली त्याला. आज आपणहून तोंड उघडलं, "उद्या डंपर येतोय."
भरलेला की रिकामा, राबिट टाकायला की उचलायला, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. 
उद्या पहाटे खुर्ची घेऊन फाटकात बसणार आहे. रिकामा आला तर उठेन.