तळ्याकडची सोपी वाट

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. गुडघ्याचे टाके निघाले त्याच दिवशी तू दवाखान्याच्या सूचनापत्रकातल्या दोन चुका डॉक्टरांना दाखवल्यास, हे वाचून तू बरी होतेयस याची खात्री पटली.

इकडे मला काम लागलंय. आठवड्याच्या सुटीला शहरातून बसनं माणसं येतात. म्हातारी, लेकुरवाळी, दमेकरी. त्यांना डोंगर चढायचे नसतात, नुसतं हिरव्यातून चालायचं असतं. त्यांच्यासाठी गावसमितीला सोप्या पायवाटांची पुस्तिका काढायचीय. समितीच्या सचिवबाई दारात येऊन म्हणाल्या की जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात, आता वाटा मोजा. मी आढेवेढे घेतले नाहीत. कपाटातून मोजणीचं चाक काढलं, तेलपाणी केलं आणि तीन आठवडे हिंडतोय. ओढ्याकाठची, कुरणातली, जुन्या गिरणीची, अशा सात वाटा झाल्या. वळणावळणावर दगडांना पिवळे बाण रंगवतो. चाकाचे आकडे मोठ्यानं म्हणतो. दिवसभरात माझा आवाज माझ्या कानावर पडतो तो तेवढाच. टपालवाल्या बाईंशी मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा काढतो, पण त्यांना पुढची घरं असतात.

सोबत सातही वाटांचा मजकूर धाडतोय. छापखान्यात पस्तीस वर्षं परक्यांच्या चुका काढल्यास, आता भावाच्या काढ. तसा त्यासाठी तुला छापखाना कधीच लागला नाही म्हणा.

गुडघ्याला जप. या एकट्या जिवावर माया आहे तशी राहू दे.

तुझा,
धाकटा


१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी पानं वाचली. लाल पेन निम्मं संपलं. 'सोपी' हा शब्द एकोणीस वेळा आलाय, त्यातले बारा मी मारले. कुरणातल्या वाटेला 'वीस मिनिटं' लिहिलंयस. कुणाची वीस? तुझ्या टांगा शिडीसारख्या. मला सध्या पलंगावरून उठून खिडकीशी जायला काठी लागते आणि खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत मध्ये एक खुर्ची ठेवलीय, विसाव्याला. तुझी पुस्तिका वाचून एखादी माझ्यासारखी बाई निघाली तर वीस मिनिटांत ती फाटकसुद्धा ओलांडायची नाही.

तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला अजून महिना आहे. जिन्यात दिवसभर पावलं वाजतात. पावलांवरून कोण ते मला ओळखू येतं, आणि माझ्या दाराशी कुणी थांबणार नाही हेही कळतं. म्हणून तुझी पानं तीनदा वाचली. त्याची फुशारकी मारू नकोस.

एक राहिलंच. तळ्याकडची वाट कुठाय? तुझ्या घरामागून निघते ती. चार वर्षांपूर्वी आले होते तेव्हा मी ती साध्या चपला घालून चालले होते. तुझी बायको बरोबर होती. त्या वाटेहून सोपी वाट तुझ्या सगळ्या मुलखात नसेल. मग सातांत ती का नाही?

उलट टपाली कळव. वेळेवर जेवत जा. अंतर देऊ नये, एवढंच मागणं.

तुझी ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुका दुरुस्त केल्या. तळ्याकडच्या वाटेवर कुंपण मोडलंय आणि मधे चिखल असतो. म्हणून घेतली नाही. बाकी ठीक. हवा कोरडी आहे.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

धाकटा


२९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाच वाक्यांचं पत्र मला तू याआधी एकदाच लिहिलं होतंस, दोन वर्षांपूर्वी. ते माझ्या खणात आहे. 'ही गेली. तळ्याकडच्या वाटेवर गेली. फार त्रास झाला नाही. सगळं आटोपलं. तू दगदग करून येऊ नकोस.' मी तेव्हा तुझं ऐकलं आणि आले नाही. त्याची चुटपुट मला आजही आहे.

माझ्या धंद्यात एक गोष्ट शिकले. ओळीत शब्द चुकला तर कुणीही पकडतं, पण ओळच गाळली असेल तर मजकूर वरवर नीट वाचला जातो. बाबा रे, चिखल वाळतो, कुंपण बांधता येतं. काय झालं होतं ते मला कधी सांगशील? मी ओरडणार नाही आणि समजूतही काढणार नाही. नुसतं वाचीन.

मायेनं वाट पाहणारी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय.

त्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. नेहमीसारखे म्हणजे मी पुढे आणि ही मागे. लग्न झाल्यापासून तसंच चालत आलो. मला हळू चालणं जमायचं नाही आणि हिला भरभर. मी तळ्याच्या बांधावर पोचलो आणि बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ताई, मला राग आला. काळजी वाटली असती तर आज हे लिहायला एवढं जड गेलं नसतं. पण मला राग आला. म्हटलं, बसली असेल कुठे तरी फुलं न्याहाळत, आज मीही उठणार नाही. असा हट्टानं घड्याळ बघत चाळीस मिनिटं बसलो. मग तणतणत परत फिरलो. अर्ध्या वाटेवरच्या वळणाशी ती कुंपणाला टेकून बसली होती. मी दुरूनच बोलायला सुरुवात केली होती. काय बोललो ते लिहीत नाही. हात अजून गार पडला नव्हता.

डॉक्टर म्हणाले की हृदय एकदम थांबलं, तुम्ही शेजारी असतात तरी काही करू शकला नसतात. असेलही. पण तिनं हाक मारली असेल तर ती ऐकायला तिथे कुणी नव्हतं, आणि याला डॉक्टरांकडे उत्तर नाही.

तेव्हापासून त्या वाटेला गेलो नाही. मागच्या दाराला कडी असते. सचिवबाई रोज विचारतात, लोक तळं बघायलाच येतात म्हणतात. त्या वाटेपुढे मी 'सोपी' असं कसं लिहू?

एवढं कळूनही आपलं म्हणशील तर बरं.

धाकटा


१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कबूल केल्याप्रमाणे समजूत काढत नाही. तू रागावून बसलास ते बसलास. ते पुसून टाकणारं पेन माझ्याकडे नाही.

पण मीही एक गोष्ट गाळली होती. चार वर्षांपूर्वीच्या त्या फेरीत तू तरातरा पुढे निघून गेलास, तेव्हा तुझी बायको मला म्हणाली, "वन्सं, या मुलखात मी काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, यांची पाठ." म्हणाली आणि हसली. मीही हसले. ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. थोरली बहीण होते, तुझा कान धरायचा मला हक्क होता. मी गप्प राहिले. म्हणजे तेव्हा बोलायला हवं होतं ते मी आज लिहितेय, जेव्हा त्याचा कुणाला उपयोग नाही. हे वाचून तुला लागेल. लागू दे. दोघं मिळून सोसू.

कालपासून मी जिना उतरू लागलेय. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. माझी चाल बघून कासवं रस्ता मागतील. तुला पुस्तिकेत वेळ लिहायचीय ना, मग माझी लिही. दोन मे रोजी दुपारच्या बसनं येतेय. नको म्हणायला पत्र धाडू नकोस, ते मी उघडणार नाही. पलंगाजवळ एक खुर्ची ठेव आणि मागच्या दाराची कडी काढ.

तुझीच,
ताई


१४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला बसमध्ये बसवून आलो त्याला आज चार दिवस झाले. तू होतीस तेव्हा आठही दिवस तू बोलत होतीस, म्हणून मला काही सांगता आलं नाही. उगाच तुझ्यावर ढकलत नाही, तू गप्प असतीस तरी मी बोललो नसतो. म्हणून तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो.

त्या सकाळी तू काठी टेकत निघालीस आणि मी चाक घेऊन तुझ्या मागे. मागून चालणं किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. पाय पुढे धावतात, त्यांना धरून ठेवावं लागतं. पहिल्या दोनशे पावलांत तू दोनदा थांबलीस. मी चाकाचे आकडे मोठ्यानं म्हणत राहिलो. वळणाशी आल्यावर तू काही न विचारता कुंपणापाशी बसलीस. तुला खरंच दम लागला होता की मुद्दाम बसलीस, ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. मी उभाच होतो. मग बसलो.

त्या जागेवरून तळं दिसत नाही. एवढी वर्षं त्या वाटेनं जात होतो, तरी मला हे माहीत नव्हतं, कारण मी तिथे कधी बसलोच नव्हतो. तिथून खालचं कुरण दिसतं, दोन घोडी चरताना दिसतात आणि आमच्या घराचं मागचं दार दिसतं. तिला शेवटी तेच दिसलं असेल. माझी पाठ दिसली नसणार, मी वळण पार करून केव्हाच गेलो होतो. हे बरं झालं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. तू तेव्हा माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "दुखतंय तिथेच बसून राहायचं नसतं, पण बसल्याशिवाय पुढेही जाता येत नाही." मग स्वतःच म्हणालीस की हे आपण गुडघ्याविषयी बोलतोय. तेव्हा मी रडलो, दोन वर्षांत पहिल्यांदा.

पुस्तिका छापायला गेली. वाटा आठ झाल्या. आठव्या वाटेचा मजकूर असा आहे: 'तळ्याकडची वाट. सपाट. जाऊन येऊन दोन तास, थांबत थांबत. अर्ध्या वाटेवर वळणाशी बसायला जागा आहे, तिथे बसावं.' शेवटचे दोन शब्द सचिवबाईंना अनावश्यक वाटले. मी ते काढू दिले नाहीत. तिथे बाक टाकायचं ठरलंय. बाकावर हिचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. कुणीही दमलेलं तिथे बसेल, त्याला नाव कशाला हवं?

घर पुन्हा पहिल्यासारखं शांत झालंय. तुझी खुर्ची पलंगाजवळ तशीच आहे, रोज तिला अडखळतो आणि तरी हलवत नाही. काल सकाळी तळ्याकडे एकटाच गेलो. चाक घरीच ठेवलं. नुसतं जायलाच सव्वा तास लागला. दर दोनशे पावलांनी थांबतो. मागे कुणी येणार नसतं, हे ठाऊक असतं. तरी वळून बघतो, थोडा उभा राहतो, मग पुढे निघतो.

तुझ्या जिन्यातल्या पावलांची खबर कळवत जा. इथे तुझी पत्रं हीच माणसांची चाहूल आहे.

तुझा,
धाकटा