दोघेही पुढे

गुदैबिया, बहारीन,
८ फेब्रुवारी २०२५

चि. गॅविन यास,
जय ख्रिस्त, अ. आ.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हा कागद. कार्मेलताई तुझ्याकडे सनाबिसला निघाली आहे, तिच्या हाती देतो.

आइस हॉकीत आपण दोघे बचावपटू. एक जण पकची चकती घेऊन हल्ल्याला गेला की दुसऱ्याने मागे राहायचं, हे रॉबर्ट भावोजी गोलमध्ये उभे राहून कधीपासून ओरडताहेत. गुरुवारच्या सामन्यात मी पुढे गेलो होतो, तुला दिसत होतं. तरी तूही पुढे सुटलास. मागे भावोजी एकटे आणि समोरून तिघे. मनगट मोडलं त्यांचं. हे तुझ्या त्या डुप्रेचं शिक्षण. टीव्हीवर त्याचे गोल तेवढे बघतोस. आघाडी टिकवायची वेळ आली की कोच त्याला बाकावर बसवतो, ते बघत नाहीस. माझा हालबर्गही हल्ला करतो, पण पास दिला की लगेच आपल्या बाजूच्या निळ्या रेषेवर बचावाला परत हजर. व्यावसायिक खेळाडू असा असतो. चूक कबूल कर, मग कॅप्टनला काय सांगायचं ते मी बघतो.

लोभ आहे तेवढा पुरे.
ओस्विन

सनाबिस,
११ फेब्रुवारी

ति. दादास,
जय ख्रिस्त, सा. न.

पत्र देऊन ताई चहाही न घेता गेली. बरं झालं, तिच्यासमोर वाचताना तोंड सांभाळावं लागलं असतं.

डुप्रेने गेल्या मोसमात हालबर्गच्या दुप्पट गोल केले. तुझा हालबर्ग नुसते पास देतो, आणि त्याचा जोडीदार मागे खांबासारखा उभा असतो म्हणून त्याला हिंडायला मिळतं. तुलाही तसाच खांब हवा आहे. लहानपणापासून तू पुढे, मी मागे. परत येण्याच्या गोष्टी तू मला सांगू नकोस. भावोजी पडले तेव्हा तू समोरच्या गोलमागे हात वर करून पक मागत होतास. सामन्याच्या व्हिडिओत स्वच्छ दिसतंय, आणि तो मी कॅप्टनला पाठवला आहे. खलास.

लोभ हालबर्गवर ठेव, माझी तक्रार नाही.
गॅविन

मनामा,
१४ फेब्रुवारी

ओस्विन आणि गॅविन,

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही, लोभही मागत नाही. तुमची दोन्ही पत्रं माझ्याच हातून गेली, उघडीच होती, मी वाचली. हाच मजकूर दोघांना पाठवते आहे.

रॉबर्टच्या उजव्या मनगटात प्लेट घातली. हॉटेलात केकवर आयसिंग काढतो तो हाच हात. बोटं अजून मिटत नाहीत. काँट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपतं, मॅनेजर म्हणतो बघू, आणि माझा व पोरांचा व्हिसा त्याच्याच नोकरीवर आहे. तरी तो मला सांगतो, त्यांना बोलू नकोस, दोघेही चांगले खेळतात. मी त्याच्याइतकी भली नाही.

कोणाचे गोल जास्त, कोण परत येतो, कोण बाकावर बसतो, सगळं तुम्ही लिहिलंत. त्याचा हात कसा आहे, हे एकानेही विचारलं नाही. मी तुमच्या दारात उभी होते, तेव्हाही नाही.

तुमच्या किटच्या बॅगा आमच्या बाल्कनीत पडल्या आहेत. रविवारी येऊन घेऊन जा. पण एकानेच यावं. दुसऱ्याने निदान या वेळी मागे थांबावं.

कार्मेल