गोगलगायी खाणाऱ्या सापाचं नाव

प्रिय यादिरा,

तुझा निरोप पोचला. आपल्या डोंगरातला तो बारका साप जगात अजून कुणी नोंदवलेलाच नाही, आणि तू त्याला बाबांचं नाव देणार, हे ऐकून मी हरखून गेले. बाबा मात्र ताटावरून उठले. त्यात शेजारचा रिगोबेर्तो कुंपणापाशी येऊन म्हणतो कसा, “काय रे सेगुंदो, पोरीनं शेवटी तुझा साप केला म्हणे. आता वहिनीच्या हातचं बटाट्याचं सूप सोडून गोगलगायी खाणार का?” तेव्हापासून यांनी तोंड फुगवलंय. तू तिकडे कीतोच्या संग्रहालयात खुशाल सापांचे खवले मोजत बसतेस, आणि समजूत काढायची मी.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. तुझा भाऊ कॉफीच्या मळ्यात तो विषारी एकीस साप चावून गेला, त्यानंतर यांनी एकही साप जिवंत सोडला नाही. दिसला की कोयता, आणि मग कुंपणाच्या तारेवर टांगायचा, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून. सगळा गाव तेच करतो. तुझ्या संग्रहालयातल्या बाटलीत आहे तो बारका सापसुद्धा यांच्याच कोयत्यानं मेलेला. तो घाबरला की डोकं चपटं करून एकीसचं सोंग आणतो, हे तूच आम्हाला दाखवलंस. त्या सोंगापायीच बिचारा मरतो.

मंगळवारी पहाटे आम्ही नारांहियाची फळं तोडायला गेलो. धुकं असं, की चार पावलांपलीकडचं दिसेना. एका पानावर तसलाच बारका साप बसला होता, तपकिरी पट्ट्यांचा, बटबटीत डोळ्यांचा. शंखातून गोगलगाय ओढून काढत होता, अगदी सावकाश. बाबांनी कोयता उचलला तशी गोगलगाय टाकून त्यानं डोकं चपटं केलं. पण हे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “बघ तरी कसा आव आणतोय. याच्यानं होणार आहे काय?” आणि टोपली पालथी घालून तिच्यावर बसले.

जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “एफ्राइन असाच करायचा. छाती काढून उभा राहायचा, आणि कोंबडा अंगावर आला की तुझ्या झग्यामागे.” यादिरा, तुझ्या भावाला माती दिली तेव्हापासून यांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. मी तिथंच रडले.

म्हणून घाईनं लिहितेय. तुझा लेख छापायला जायच्या आत नाव बदल. बाबांनी सांगितलंय, “माझं नको. एफ्राइनचं दे.” काल रिगोबेर्तोच्या कुंपणापाशी तसलाच एक निघाला. त्यानं कोयता उगारला, तर बाबा धावत गेले आणि त्याचा हात धरून म्हणाले, “जाऊ दे त्याला. आमचा एफ्राइन आहे तो.” रिगोबेर्तोनं टोपी काढली.

तुझीच,
आई