तुझ्या आईची नोंद

३ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

देशातलं सगळं साहित्य एका जागी, अशी जाहिरात केलीत, म्हणून तुमची ती ऑनलाइन सूची उघडली. तुझ्या आईचं नाव टाकलं. शून्य नोंदी! आमच्या दंतवैद्याच्या मात्र नऊ कादंबऱ्या. त्या वाचण्यापेक्षा दाढ काढून घेतलेली बरी. सख्खा मुलगा सूचीचा प्रमुख, आणि माझी बहीण जाऊन चार महिने होत नाहीत तोवर पुस्तकांतूनही गायब! शाळेतल्या सिस्टरनी तुला बाकावर उभं केलं असतं.

बाकी ठीक. जेवते, झोपते.

माया आहेच, तेवढी पातळ करू नकोस.
मावशी

९ मार्च

ती. मावशीस शि. सा. न.

नियम तुझाच. ग्रंथालयात तूच घोकून घेतलास: पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद करायची नाही. आईचा कथासंग्रह कुठल्याच ग्रंथालयात नाही, आमच्या घरीही नाही. प्रकाशकाने उरलेल्या प्रती रद्दीत घातल्या. तुझ्या कपाटातली प्रत पाठव, लगेच परत करतो. रागावू नकोस. आई गेल्यापासून मला कुणी रागावलेलंही कळत नाही.

तुझा,
ढब्बू

१४ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

प्रत नाही. तिची शवपेटी बंद करण्याआधी सगळे फुलं ठेवत होते. मी तिच्या हातांखाली तिचं पुस्तक ठेवलं. तू शेजारीच होतास, तिचा चष्मा धरून. तुझी बायको म्हणाली, छान केलंत मावशी. तिघंही ग्रंथपाल, आणि दुसरी प्रत आहे का, हे एकालाही सुचू नये! स्वतःची चीड यावी, तर तीही धड येत नाही.

पण मी पाहिलंय ते. एकशे बारा पानं, राखाडी कापडी बांधणी, अकरा कथा. माझा शब्द चालत नसेल तर घाला ती सूची चुलीत.

मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस शि. सा. न.

समितीशी भांडलो. भाचा कुणाचा? पुस्तक पाहणारी व्यक्ती म्हणून तुझं नाव चालेल म्हणाले. सगळं भरलं. फक्त 'प्रत कुठे आहे' हा रकाना रिकामा सोडला तर नोंद जतनच होत नाही. 'हरवली' लिहू? की 'माहीत नाही'? टाइप करतो आणि खोडतो. तूच सांग.

ढब्बू

६ एप्रिल

चि. ढब्बूस आशीर्वाद.

हरवली कशी? कुठे आहे ते तुला ठाऊक आहे, मलाही.

लिही: लेखिकेकडे.

मावशी