डोक्यांचं टेबल

३ तारीख, सोमवार

वही घेऊन बरेच दिवस झाले, पण लिहायचं आज-उद्यावर ढकलत आलो. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. नववीत शाळा सोडलेल्या माणसाने रोजनिशी लिहायची म्हणजे जरा जास्तच झालं. पण ताई फोनवर म्हणाली, तू एका जागी टिकत नाहीस, निदान कुठे कुठे टिकला नाहीस ते तरी लिहून ठेव. म्हणून बसलो.

तर, इथे झकास बस्तान बसलंय. वरची खोली, खिडकीखाली अंगण, अंगणात नळ आणि एक माजोरडी मांजर. घरमालकीण एकटीच असते. पहिल्याच दिवशी म्हणाली, मला मावशी म्हण, बाई म्हटलंस तर भाडं वाढवीन. कारखान्यातले एप्रन धुवायचं काम तिच्याकडे आहे. कारखाना म्हणजे मेंढ्या कापायचा. मी घाबरत गेलो होतो, पण आत सगळं चकाचक. पांढऱ्या फरश्या, थंडगार हवा, दवाखान्यासारखं. मुकादमाने विचारलं, आधी काय काय केलंस? मी होड्या रंगवण्यापासून सुरू केलं. टायरच्या दुकानापर्यंत आलो तेव्हा तो हसायला लागला आणि म्हणाला, पुरे, उद्यापासून ये.

५ तारीख

मला डोक्यांच्या टेबलावर उभं केलं. काम सोपं आहे. सोललेलं डोकं आकड्यावरून काढायचं, मागच्या भोकात नळीचं तोंड घुसवायचं आणि खटका दाबायचा. कॉम्प्रेसरची हवा आत जाते आणि मेंदूचा लगदा होऊन फस्सकन बादलीत पडतो. पूर्वी कवटी फोडून हाताने काढायचे, त्यात फार वेळ जायचा म्हणे. हवेने पटापट होतं. फक्त दर खटक्याला एक गुलाबी वाफ उठते आणि तोंडावर येऊन बसते. कोमट असते.

मी नाकाला रुमाल बांधला तर सगळं टेबल खिदळायला लागलं. माझ्यासमोर बारक्या असतो. नाव बारक्या, पण माणूस दारात मावत नाही. त्याने ओरडून सांगितलं, नवरी आलीय रे, नवरीला खुर्ची द्या. मग जो तो येऊन विचारायला लागला, नवरीचं तोंड कधी बघायला मिळणार? इथे कुणीच काही बांधत नाही. बांधेल तो बायल्या. दुपारनंतर मीही रुमाल खिशात घातला. ओठांवरून जीभ फिरवली तर खारट-गोडसर लागलं. संडासात जाऊन एकदा ओकलो. बारक्या म्हणाला, सगळेच ओकतात, एकदाच.

१० तारीख

खरंच एकदाच. आता खटका दाबता दाबता गाणं म्हणतो.

मुकादमाने बाजूला घेऊन सांगितलं की बाहेरच्या कुणी विचारलं तर पॅकिंगला आहे म्हणायचं. ती नळी कागदोपत्री बसवलेलीच नाही. मला काय, मी पॅकिंगला.

मांजरीबद्दल लिहायचं होतं. मावशी टबात एप्रन भिजवते तेव्हा मांजर शेजारी येऊन बसते. पाण्यावर गुलाबी फेस येतो, त्यात बारीक पांढरे कण तरंगतात. मावशी ते दोन बोटांनी उचलते आणि मांजरीकडे उडवते. मांजर मिटक्या मारते. मग त्याच बोटांनी मावशी माझ्या चहात साखर घालते. आज कप हातात धरून बराच वेळ बसलो. शेवटी मांजरीकडे पाठ करून प्यालो.

१६ तारीख

पायाच्या बोटांना सारख्या मुंग्या येतात. बूट घट्ट असतील. मावशी म्हणाली, थंड फरशीवर उभं राहिलं की सगळ्यांनाच येतात, तेलाने चोळ.

चोळायला मोजा काढला तर निघेना. टाचेत खिळा होता. बुटातून वर आलेला, कधीचा कोण जाणे. मोजा पुवाने चिकटला होता. ओढला तसा कातडीचा एक पापुद्रा मोज्याबरोबर आला. वास खोलीभर झाला. दुखलं मात्र काहीच नाही, आणि त्याचीच जास्त शिसारी आली.

१९ तारीख

मुंग्या गेल्या. त्यांच्या जागी काहीच नाही. गुडघ्याखाली दुसऱ्याच कुणाचं मांस लटकतंय. अंगठ्याने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. टेबलावरच्या मालाचं असंच होतं.

जिन्यावर पडलो. बारक्या हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. मी बघतोय हे त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं.

२० तारीख

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण आहे, माझ्याएवढीच असेल. गुडघ्यावर हातोडी मारली. पाय आकड्यावरच्या तुकड्यासारखा लोंबत राहिला. तिने पुन्हा मारली. मग हातोडी ठेवून ती खुर्चीत बसली.

म्हणाली, नसांचा आजार असावा, अचानक होणारा. नक्की नाही, नुसती शंका आहे. बाहेरचं काही शरीरात शिरलं की शरीर त्याच्याशी लढायला लागतं, आणि कधी कधी त्या नादात स्वतःच्याच नसा पोखरतं. ताप येऊन गेला का, जुलाब झाले का, कामावर काही हुंगण्यात येतं का, असं तिने विचारलं. काम काय करतोस? मी म्हणालो, पॅकिंग. जिभेला सवयच लागलीय. ती म्हणाली, सोमवारी नसांना करंट देऊन तपासणी करू, बऱ्याच जणांचं आपोआप उतरतंही. पण गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तपासणीची वाट बघू नकोस, तसाच उठून ये.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बाहेरचं काय शिरलं असेल? मेंदू. रोज नाकातोंडातून, चाटून चाटून. शरीराला आता मेंदूचीच चटक लागली असणार, आणि मेंढीचा कुठला न् माझा कुठला हे त्याला कसं कळावं? तोंडात थुंकी साठली. ती गिळवेना आणि थुंकवेना.

आत जाऊन खरं सांगायला हवं होतं. पुढचा पेशंट गेला होता. मग सांगू म्हटलं.

२१ तारीख

कामावर गेलो. ताई ऐकेल तर बदडेल. पण खोलीत बसलो तर मी आजारी माणूस. टेबलाला टेकून उभा राहिलो तर नुसता पाय दुखणारा माणूस. आणि शंकाच आहे, ती स्वतःच म्हणाली.

रुमाल बांधला. कुणीच हसलं नाही. नवरी म्हणालं असतं तर फार बरं वाटलं असतं.

नळी हातातून सुटली. हवेने बादली उधळली, सगळं तोंडावर, डोळ्यांत, दातांत. मुकादमाने स्वतःच्या हाताने माझं तोंड पुसलं आणि घरी सोडलं. फार मायेने म्हणाला, आराम कर, डॉक्टरबिक्टर नको, एकाच्या बोलण्याने इतक्या घरांच्या चुली विझतील.

२२ तारीख

हात भरून आलेत. अक्षर बघा.

सकाळी पाव खात होतो. पाव संपला तरी तोंडात काहीतरी चघळत होतो. रबरासारखं. हातावर थुंकलो. गालाचं आतलं मांस होतं. माझंच. चव ओळखीची—

सगळं ओकलो. मांजर धावत आली. तिला हाकलायला पाय उचलेना. बघत बसलो.

दवाखान्यात फोन केला. जीभ वळेना. पलीकडची बाई म्हणाली, दिवसाढवळ्या पिऊन फोन करता, लाज नाही वाटत? तिने फोन ठेवला.

२३ तारीख

पाणी नाकातून येतंय. श्वास वरच्या वर—

मावशीला टेबलाचं सगळं सांगितलं. निम्मं बोलून, निम्मं हातवाऱ्यांनी. तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. म्हणाली, "मला वाटलं, वयाने होतंय."

डॉक्टरणीचं घर माहीत आहे म्हणाली. चप्पल घातली. जिना उतरली. मग अंगणात धपकन आवाज. टब उलटला. पाणी वाहिल्याचा आवाज. दोनदा हाक मारली तिने. मग—

खिडकीपर्यंत सरकता येत नाही.

पुन्हा २३

ऊन उतरलं. खालून काही नाही. मांजरीचं चाटणं ऐकू येतंय.

जिन्यावर पाय वाजतायत. डॉक्टरीण असेल. देवा—

नाही. कुणी अनोळखी. केस पिकलेले, हातात पिशवी. दारात उभा राहून हसतोय. म्हणतो, उद्यापासून डोक्यांच्या टेबलावर, मुकादमाने हीच खोली सांगितली. खाली अंगणात बाई झोपल्यात, उठवलं नाही म्हणे.

बोललो. नुसती लाळ आली छातीवर. त्याचं तोंड किळसेने वाकडं झालं. मागे सरला. पिशवी उचलतोय—

वही दाखवीन. या हातातून एकच वाक्य निघेल.

मला दवाखान्यात

नको. आधी हे.

तू त्या टेबला