मृदंगाची कणीक आणि फ्रेंच बँड

अण्णा, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं आहे, आणि ते कणकेबद्दल आहे. मृदंगाच्या डाव्या पुडीच्या कातड्याला, आवाज खोल घुमावा म्हणून, तुम्ही लावायचात त्या कणकेबद्दल. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणजे उशीर चांगलाच झाला. पण तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आणि तुम्ही गेल्यावर दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नव्हता. आता हे सगळं वर आलं ते फ्रान्समधल्या एका बँडमुळे. हसू नका. तुमच्या नातीने तो बँड आमच्या घरात आणला, आणि तेव्हापासून घरात मला तुम्हीच ऐकू येता.

आम्ही मस्कतला असतो, अझैब्यात, विमानतळाच्या जवळ. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. तुमचे जावई निझव्याला बांधकामावर असतात. यंदापासून इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी झाली, म्हणून गुरुवारी दवाखाना सुटला की मी लेकीला गाडीत घालते आणि दीड तासात निझवा गाठते. हो, गाडी मी चालवते. तुम्ही मला बैलगाडीचा कासरा हातात देत नव्हतात. लेक सोळा वर्षांची आहे, इंडियन स्कूलमध्ये जाते, मैत्रिणींशी इंग्रजी बोलते, आणि तिचं मराठी म्हणजे अनोळखी पाण्यात पाय चाचपत उतरावं तसं. वाजवते मात्र धीटपणे. काय वाजवते, तर बास गिटार. चार जाड तारांची, नुसती घुमणारी. सुरुवातीला मला वाईट वाटलं होतं. पोरगी काहीतरी गोड वाजवील म्हणून क्लास लावला, आणि ही खोलीचं दार लावून तासभर घुम् घुम् करत बसते.

तर एका गुरुवारी तिने गाडीत एक सीडी लावली. गिटारच्या गोवेकर सरांनी दिलेली. सुरुवातीला एक पियानो आला, मग ड्रम, मग बायका-पुरुषांचा मोठा घोळका काहीतरी म्हणू लागला. एकच ओळ. पुन्हा तीच. पुन्हा तीच. डोंगर सुरू झाले तरी तीच. मी म्हटलं, चरा पडलाय, अडकली ही. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, सीडी बाहेर काढली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि ओढणीने गोल गोल पुसून परत घातली. लेक बघतच राहिली.

"आई! व्हॉट आर यू डूइंग? ते स्टक नाही झालंय. ते तसंच आहे."

"एवढा वेळ एकच ओळ?"

"ऐक ना. सेम नाहीये. मागे ड्रमर बघ काय करतोय."

मग मी ऐकलं. आणि खरंच, ओळ तीच होती पण खालची जमीन हलत होती. ड्रमवाला दर वेळी एखादी चापट पुढे सरकवत होता, बास जाड होत चालला होता, गाणारे एकेक पायरी चढत होते, आणि मला कळायच्या आत स्टिअरिंगवरची माझी बोटं चालू झाली होती. नुसत्या ठेक्यावर माणसांना घुमवत घुमवत वर नेऊन ठेवायचं हे काम मी पाहिलेलं होतं. गणपतीतल्या जाखडीच्या नाचात पोरं चाळ बांधून रिंगणात फिरायची, मधे बसून तुम्ही मृदंगावर त्यांना असंच चढवत न्यायचात. ओळ तीच, शाहीर तोच, आणि तरी शेवटी पोरांचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. निझवा आलं तेव्हा मी गाडी दहा मिनिटं उगाच पुढे नेली, गाणं संपेपर्यंत.

पुढच्या खेपांमध्ये लेकीने मला सगळं सांगितलं, आणि ती इतकं मराठी पहिल्यांदाच बोलली. तो बँड उभा केला ड्रमवाल्यानेच. गाणारा पुढे आणि ड्रमवाला मागे अंधारात, असा त्यांच्याकडे प्रकार नाही. सगळे त्याच्या हाताकडे बघून चालतात. एका अमेरिकन सॅक्सोफोनवाल्यावर त्याची भक्ती. एकच सूर धरून तासन्‌तास त्याच्यावर झडप घालायची रीत तिथून आली. अडखळत उड्या मारणारा ताल एका रशियन माणसाच्या नाचाच्या संगीतातून, आणि घणाचे घाव घातल्यासारखं सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते एका जर्मन समूहगानातून. वर देवळातल्यासारखा टाहो, तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यातला. मी म्हटलं, मग फ्रेंच काय उरलं? भाषा तरी? तर लेक म्हणाली, भाषासुद्धा नाही. आपल्या गाण्याला फ्रेंच पुरत नाही म्हणून त्यांनी स्वतःची एक भाषा बनवली. जगात कोणी बोलत नाही अशी. गोष्ट अशी की काही माणसं ही पृथ्वी सोडून लांबच्या ग्रहावर राहायला जातात, आणि ही त्यांची भाषा.

"म्हणजे आपल्यासारखीच," मी म्हटलं. "तिथे त्यांचा अर्बाब कोण?"

अर्बाब म्हणजे इथला मालक, ज्याच्या नावावर आपण या देशात राहतो. लेक इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला मात्र एका गोष्टीची गंमत वाटली. घरात मराठी बोलायला जिची जीभ अडते, ती जगात नसलेली भाषा घडाघडा म्हणते. मी चिडून विचारणारच होते, याचा अर्थ काय गो? तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हाच प्रश्न मी ओटीवर बसून तुम्हाला विचारला होता, तुमच्या मृदंगाच्या बोलांबद्दल, आणि तुम्ही खेकसला होतात, "अर्थ मागाहून. आधी तोंडात बसव. तोंडात बसल्याबिगर हातात येत नाय." मृदंगाला हात तुम्ही मला कधी लावू दिला नाहीत, मुलगी म्हणून. पण बोल मात्र सगळे म्हणवून घेतलेत. ते अजून आहेत. बोटातून रक्त काढताना पोरं रडतात तेव्हा मी त्यांना म्हणून दाखवते.

आता कणीक. आपल्या घरी भात आणि नाचणीची भाकरी. गहू यायचा तो सणाला, आणि गणपतीत यायचा तो मुख्यतः मृदंगाला. आई मूठभर कणीक भिजवायची, ना सैल ना घट्ट, आणि गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायची. चिऱ्याच्या खाणीवरून तुम्ही यायचात, हात घासून घासून धुवायचात, आणि मग तो गोळा लोणी घ्यावा तसा उचलायचात. मी नऊ वर्षांची. गव्हाची चपाती मी नीट खाल्लेली नव्हती. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देवळासमोरच्या मांडवात तुमचा जाखडीचा सामना होता, तुम्ही शक्तीवाले आणि समोर दुसऱ्या पक्षाचे तुरेवाले, आणि सकाळी आई पाण्याला गेलेली असताना मी तो गोळा फळीवरून काढला, थापला, चुलीच्या निखाऱ्यावर भाजला आणि गुळाच्या खड्याबरोबर उभ्या उभ्या खाल्ला. फडक्यात तांदळाच्या पिठाचा गोळा करून ठेवला. पांढरा दिसू नये म्हणून त्यात चिमूटभर नाचणी घातली. नऊ वर्षांच्या मानाने डोकं चांगलं चाललं होतं.

तांदळाचं पीठ चिकटून राहत नाही हे मला कुठे ठाऊक? पहिली बारी कशीबशी निघाली. दुसऱ्या बारीत पीठ सुकलं, तडकलं आणि तुकड्या-तुकड्याने तुमच्या मांडीवर पडू लागलं. डावी पुडी टप्प टप्प करायला लागली. समोरचा शाहीर तोंडावर टॉवेल धरून हसत होता. मी खांबामागे. मला वाटलं, आता थांबणार, मान खाली जाणार, सगळं माझ्यामुळे. आणि तुम्ही उजवा हात जराही न थांबवता मान वर केलीत आणि डाव्या हाताचा आवाज तोंडाने काढू लागलात. घुम्. घुम् घुम्. पोटातून, खोल. नाचणारी पोरं आधी हसली, मग त्यांच्या पायांनी तो धरला, मग टाळकरी, मग मागून ओळ उचलणारे झीलवाले, आणि थोड्या वेळाने अख्खा मांडव घुम् घुम् करत होता. निकाल त्यांच्या बाजूने गेला. पण वाडीत महिनाभर लोक विहिरीवरसुद्धा एकमेकांना घुम् म्हणत होते.

घरी येताना बांधावर तुम्ही आईला एवढंच विचारलंत, "कणीक कुणी मळलीन गो?" ती म्हणाली, "मीच. का?" तुम्ही मृदंग दुसऱ्या खांद्यावर घेतलात आणि चालू लागलात. पुढच्या गणपतीत मात्र तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणालात, "यंदा दोन गोळे काढ. एक मृदंगाला, एक उंदराला." आई म्हणाली, "उंदराला कसला गोळा?" "आपल्या घरातला उंदीर शहाणा हाय. रंगाला नाचणी घालतो." मी तिथेच बसले होते, मान खाली घालून. दुसऱ्या गोळ्याची चपाती झाली आणि माझ्या ताटात आली, गुळासकट. दर गणपतीला आली, माझं लग्न होईपर्यंत. तुम्ही तेवढं दार उघडं ठेवलं होतंत, मी एक शब्द बोलायचा होता. नाही बोलले. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला आले तेव्हा तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "उंदीर आला काय?" मी हसले आणि तुमचे पाय दाबत बसले. तेव्हाही नाही.

यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीत लेकीला हा फ्रेंच प्रकार वाजवायचा होता. ती, पियानोवर एक मैत्रीण, आणि ड्रम वाजवणारी दुसरी ऐनवेळी गावाला गेलेली. वर गाणारे नाहीत. मंडळाचे अध्यक्ष गुहागरचे, रुस्ताकला दुकान आहे त्यांचं. त्यांनी एक मिनिट ऐकलं आणि मला बाजूला घेतलं.

"वहिनी, पोरगी हुशार आहे, पण अर्थ काय ह्याचा? उद्या स्टेजवर कोणी विचारलान तर?"

"भाऊजी, जाखडीत आपण बोल म्हणतो त्याचा अर्थ काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जाखडी? तुम्हाला येते?"

मी म्हणून दाखवलं. तिथेच, खुर्च्या लावत असताना. अध्यक्षांचा एक पाय आपोआप उचलला गेला. "यल्ला, चला, घ्या दहा मिनिटं," ते म्हणाले, "आणि मृदंग मी धरतो. पण मी खलास म्हटलं की खलास." मंडळाचा मृदंग कपाटावर धूळ खात पडला होता. वर म्हणायला मीच उभी राहिले, आणि मग आठवडाभर आमच्या घरी तालीम. लेक बोटांवर इंग्रजीत मोजायची, सात, मग परत सात, मग मधेच पाच, आणि मी चुकले की डोळे मोठे करायची. "आई, काउंट कर ना!" मी मोजणं सोडून दिलं आणि तुमच्यासारखं पोटातून घुम् म्हणू लागले, तेव्हा बसलं. ती तारांवर हात ठेवून म्हणाली, "हे कोणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "आमच्या बँडवाल्याने." मग तिने तुमच्याबद्दल विचारलं, पहिल्यांदाच, आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन भात करपेपर्यंत मी सांगत बसले.

कार्यक्रमात काय झालं ते थोडक्यात सांगते, नाहीतर म्हणाल बढाई मारते. पहिली दोन मिनिटं लोक गप्प होते. तिसऱ्या मिनिटाला मागून कोणीतरी घुम् म्हटलं. दहा मिनिटं कुठे गेली कळलं नाही, आणि खलास म्हणायचं होतं तो माणूसच मृदंगावर डोळे मिटून बसला होता. आम्ही वीस मिनिटं वाजवलं. आरतीला उशीर झाला. लेकीच्या कपाळावर घाम आणि तोंडभर हसू, ती माझ्या कानात म्हणाली, "आजोबा वॉज सो कूल!" मी रडले, सगळ्यांसमोर, आनंदाने.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी सकाळचं. मृदंगासाठी कणीक भिजवली. इथे गव्हाचं पीठ दहा-दहा किलोने येतं, रोज चपात्या होतात. तरी मी दोनच गोळे काढले. एक ओल्या फडक्यात ठेवला, दुसऱ्याची चपाती गॅसवर भाजली, गूळ घेतला. लेक अंघोळीला गेली होती. म्हटलं, अर्धी अण्णांच्या नावाने ठेवू, बाहेर कावळ्याला, आणि त्याच वेळी तोंडाने कबूल करून टाकू. तेही राहूनच गेलं.

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे. पत्ता कुठला घालू? म्हणून इथेच लिहिते, अण्णा. उंदीर मीच. आणि तुमची अर्धी चपातीही मीच खाल्ली, उभ्या उभ्या.